कामगारांचा फंड वापरणाऱ्यांवर फिर्याद का नाही?



आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातील एका टॉवेल कारखान्याने कामगारांच्या पगारातून कापलेला भविष्य निर्वाह निधी भरलाच नाही, हे या आठवड्यात उघडकीस आले, आणि ‘मालक हप्त्याहप्त्याने भरणार आहेत’ एवढ्या आश्वासनावर प्रकरण मिटल्यात जमा झाले, याचा मला अत्यंत संताप आला आहे. आमच्या शेजारच्या बाई मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी फंडातून उचल घ्यावयास गेल्या, तेव्हा त्यांना ही हकीकत कळली. पगाराच्या प्रत्येक चिठ्ठीवर फंडाची कपात छापलेली. मोबाईलवरील पासबुकात मात्र त्या महिन्यांचा एक पैसाही जमा नाही.

फंडात दोन रकमा असतात. मालकाचा हिस्सा त्याच्या स्वतःच्या तिजोरीतून यावयाचा असल्याने तो राहिला तर त्यास थकबाकी म्हणता येईल. परंतु कामगाराच्या वेतनातून कापून घेतलेले बारा टक्के हे कापल्या क्षणापासून मालकाचे नव्हेत. ते परद्रव्य असून त्याच्याकडे केवळ अमानत म्हणून राहिलेले असते, आणि ते न भरणे हा फौजदारी विश्वासघात होय. हे माझे खासगी मत नव्हे. १९७३ साली भारतीय दंड संहितेच्या कलम ४०५ ला जोडलेल्या स्पष्टीकरणात हेच सांगितलेले आहे, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये ते कायम ठेवून शिक्षेची मर्यादा तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेलेली आहे. नवी पेठेत सापडलेले पाकीट, धनी कोण हे ठाऊक असताना, खिशात घालणाऱ्यास त्याच संहितेचे कलम ३१४ किमान सहा महिने कैद सांगते. मग शेकडो घरांचा पैसा धंद्यात फिरविणाऱ्यास हप्ते बांधून देऊन मोकळे सोडावयाचे, हा कुठला न्याय? हप्त्यांनी वसुली होईल. घडलेला अपराध पुसला जात नाही.

सुताचे भाव चढले, मालाला उठाव नाही, ही कारणे खरीही असतील. जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या बंद पडलेल्या पाहिलेल्या या शहराला मंदी कोणी शिकवावयास नको. पण त्याच मंदीत वीजबिल भरले गेले, कारण न भरल्यास वीज तुटते. सूतवाल्याची उधारी फिटली, कारण तो दारात येऊन बसतो. कामगाराचा फंड तेवढा राहिला, कारण त्यासाठी कोणी दारात आलेच नाही. त्यात जून २०२४ मध्ये केंद्र सरकारने, फंड भरण्यातील मोठ्या विलंबास पूर्वी सालिना २५ टक्क्यांपर्यंत जाणारी, मालकाने द्यावयाची नुकसानभरपाई सरसकट महिन्याला एक टक्क्यावर आणून ठेवली. व्याज निराळे द्यावे लागते हे खरे. तरीही बँकेत तारणाशिवाय ज्यास कर्ज मिळत नाही, त्यास मजुराची पुंजी विनातारण आणि विनापरवाना वापरावयास मिळावी, ही सवलत कोणाच्या हिताची?

आणि ज्यांचा भरणा नियमित झाला त्यांच्या पदरी तरी काय पडते? २०१४ पासून फंडाच्या योजनेतील किमान निवृत्तिवेतन दरमहा एक हजार रुपयांवर थिजलेले आहे. उभी हयात विड्या वळण्यात घालविलेल्या भगिनीचे औषधपाणीही त्यात भागत नाही. त्याबद्दल आपले लोकप्रतिनिधी मौन का धरून आहेत, याचा जबाब त्यांनी या शहरास दिला पाहिजे.

फंडाच्या कार्यालयाने प्रस्तुत प्रकरणी प्रथम पोलिसांत फिर्याद दाखल करावी, आणि हप्त्यांची बोलणी त्यानंतर करावीत. कामगार बंधुभगिनींनीही आपापले पासबुक आजच उघडून पाहावे आणि पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवाव्यात. फिर्यादीच्या वेळी तोच त्यांचा पुरावा आहे.

— एक निवृत्त शिक्षक, पूर्व भाग, सोलापूर