धुरजड आणि उलाळ

गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या सीमाभागातील रस्ते उसाचे होतात. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर शाळेवरून संथपणे जातो, आणि मधल्या सुट्टीतील मुले मोळीतील एखादे कांडे उपसण्यासाठी त्याच्यामागे धावतात. त्यांना रागावणे हे दर हिवाळ्यातील आमचे नित्यकर्म होय.

या हंगामात एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. निपाणीहून संकेश्वरकडे जाताना तवंदी घाटाच्या चढावर त्याच्या ट्रॅक्टरची मागची चाके जागच्या जागी फिरू लागली आणि भरलेली दोनचाकी ट्रॉली उलट खाली ओढू लागली. सोबत्याने चाकाखाली दगड सारला म्हणून दोघे वाचले. "वजन किती होते?" आम्ही विचारले. तो म्हणाला, "सर, इंजान ओढतंय की!"

येथेच सारी गफलत आहे. ओढणे इंजिनाचे काम. थांबवणे ब्रेकचे आणि चाकांच्या पकडीचे. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो, आणि ट्रॅक्टरचा ब्रेक बहुधा मागच्या दोन चाकांवरच चालतो. ब्रेकचा जोर तेवढाच राहिला आणि एकूण वजन दुप्पट झाले, तर थांबण्यास अंतरही सुमारे दुप्पट लागते. उतारावर ट्रॉली मागून रेटते. ती किंचित तिरकी असली तर ट्रॅक्टरलाच आडवा करते.

बैलगाडी भरणाऱ्या आमच्या आजोबांना हे शास्त्र ठाऊक होते. ओझे जुवावर फार आले की गाडी 'धुरजड' झाली. मागे झुकली की 'उलाळ'. उलाळ गाडीचे जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्यातील पट्टा आवळतो. (एम. ए. च्या अभ्यासात हे शब्द आम्हांस कधी भेटले नाहीत.) दोनचाकी ट्रॉलीचेही तसेच. ती धुरजड झाली तर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होऊन सुकाणू ऐकत नाही. उलाळ झाली तर मागची चाके हलकी होतात, म्हणजे ओढही गेली आणि ब्रेकही गेला. चढावर तर भार आपोआप मागेच झुकतो.

मर्यादा शोधण्यास कोठे जावे लागत नाही. ट्रॉलीच्या नोंदणी पुस्तकात रिकामे वजन आणि भरलेल्या अवस्थेतील कमाल वजन लिहिलेले असते. समजा, रिकामी २ टन आणि कमाल ८ टन, तर ऊस ६ टन. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने हीच मर्यादा बंधनकारक केली. २०१९ च्या दुरुस्तीने ती मोडल्यास २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनास २,००० रुपये दंड सांगितला. कारखान्याच्या काट्याच्या पावतीवरही भरलेले, रिकामे आणि निव्वळ वजन छापून येते. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, म्हणून वाचला जातो तो शेवटचा आकडा एकटाच.

रविवारी तो पावत्या आणि पुस्तक घेऊन आमच्या घरी आला. चौथीतील वजाबाकी. प्रत्येक खेपेला भार मर्यादेच्या वर निघाला. बराच वेळ तो कागदांकडे पाहत राहिला. ट्रॅक्टरच्या कर्जाचे हप्ते अजून फिटावयाचे आहेत, हे आम्हांस ठाऊक होते.

"मग सर, खेपा वाढतील की. डिझेलही."

"वाढतील," आम्ही म्हणालो.