खुर्ची मिळाली, घराचे काय?

मार्च २०२५. रमजानचा पहिलाच आठवडा होता. गाझाच्या प्रश्नावर अरब लीगची तातडीची शिखर परिषद कैरो येथे भरली आणि सीरियाच्या खुर्चीवर हंगामी अध्यक्ष अहमद अल-शरा बसले. त्याआधी मे २०२३ मध्ये जेद्दाच्या परिषदेत याच खुर्चीवर बशर अल-असद होते. दोन वर्षांच्या आत अरब शेजाऱ्यांनी सीरियासाठी दोनदा दार उघडले. पहिल्या वेळी जे हुकले, ते दुसऱ्या वेळी साधेल का, हा खरा प्रश्न आहे.

सीरिया हा १९४५ मध्ये स्थापन झालेल्या अरब लीगचा संस्थापक सदस्य. लोकांचे आंदोलन असद राजवटीने बळाने चिरडायला सुरुवात केली, तेव्हा नोव्हेंबर २०११ मध्ये लीगने त्याचे सदस्यत्व स्थगित केले. पुढच्या दहा वर्षांत संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार तीन लाखांहून अधिक नागरिक मारले गेले. निम्म्याहून जास्त जनता बेघर झाली.

असे असताना असद यांना परत का घेतले? रशिया आणि इराणच्या मदतीने ते टिकून राहिले होते. जॉर्डन आणि लेबनॉनवर लाखो निर्वासितांचा भार होता. सीरियात तयार होणाऱ्या कॅप्टागॉन या नशेच्या गोळ्या आखाती देशांत पोहोचत होत्या. फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपानंतर मदतीच्या निमित्ताने बोलणी वाढली आणि ७ मे रोजी लीगने सदस्यत्व बहाल केले. निर्वासितांची वापसी, नशेच्या व्यापाराला आळा आणि राजकीय तोडगा, ही अपेक्षा होती. कतारने निर्णयाला आडकाठी केली नाही, पण असद यांच्याशी संबंध जोडायला नकार दिला. लीगचे सदस्यत्व वेगळे आणि दोन देशांमधले संबंध वेगळे, म्हणून हे शक्य झाले.

हिशेब चुकला. खुर्ची आगाऊ मिळाली, तेव्हा असद यांना काही देण्याची गरजच उरली नाही. नशेचा व्यापार चालूच राहिला. अटकेच्या आणि सक्तीच्या लष्करी सेवेच्या भीतीने बहुतेक निर्वासित परतले नाहीत. अखेर ८ डिसेंबर २०२४ रोजी असद देश सोडून रशियाला पळाले. शेजाऱ्यांची मान्यता मिळवलेली राजवट आपल्याच जनतेची मान्यता मिळवू शकली नव्हती.

आता शरा यांची परीक्षा आहे. एकेकाळी अल-कायदाशी जोडलेल्या संघटनेचा हा नेता पहिल्या परदेश दौऱ्यावर सौदी अरेबियाला गेला. सौदी आणि कतारने सीरियाची जागतिक बँकेकडील सुमारे १ कोटी ५५ लाख डॉलरची थकबाकी भरली, त्यामुळे नव्या मदतीची वाट मोकळी झाली. मे २०२५ मध्ये अमेरिकेने रियाधमधून निर्बंध उठवण्याची घोषणा केली.

मात्र कैरोच्या परिषदेला दोनच दिवस उलटले होते, तोच त्याच रमजानात सीरियाच्या किनारपट्टीवर रक्त सांडले. असद समर्थकांनी सुरक्षा दलांवर हल्ले केले. त्याचा सूड म्हणून अलवी वस्त्यांमध्ये घुसून निरपराधांना मारण्यात आले. सुमारे १,४०० लोकांचा जीव गेला. मारेकऱ्यांमध्ये सरकारच्या बाजूचे लढवय्येही होते. जुलैमध्ये द्रुझबहुल सुवैदा पेटले. सरकारने चौकशी समिती नेमली, पण समितीचा अहवाल म्हणजे न्याय नव्हे. दोषी आपल्या बाजूचा असला तरी त्याला शिक्षा होते, तेव्हाच अल्पसंख्याकांना सरकार आपले वाटते.

याचा अर्थ शेजाऱ्यांनी पुन्हा दार लावून घ्यावे, असा नाही. बहिष्काराची झळ राज्यकर्त्यांपेक्षा सामान्य माणसालाच जास्त लागते. वीज, रस्ते, शाळा, दवाखाने यांसाठी मदत गेलीच पाहिजे. मात्र २०२३ सारखी आगाऊ पावती नको. मदतीसोबत प्रत्येक समाजाच्या सुरक्षेचा आणि न्यायाचा आग्रहही तितकाच ठाम हवा.

अरब देशांचे राजदूत दमास्कसला परतले, यावरून या मैत्रीचे मोल ठरणार नाही. जॉर्डनच्या झातारी छावणीतले कुटुंब निर्धास्तपणे सामान बांधते का आणि किनाऱ्यावरचा अलवी शेतकरी रात्री दाराला कडी घालून शांत झोपतो का, यावरून ते ठरेल.