दारातील तार आणि घरातील ऐपत

शहरात राहणाऱ्यास इंटरनेट मिळतेच, असा समज रूढ आहे. अमेरिकेच्या अनुभवाने तो खोटा ठरविला. तेथील केंद्र सरकारने २०२१ च्या अखेरीस गरीब कुटुंबांना ब्रॉडबँडच्या बिलात सर्वसाधारणपणे दरमहा ३० डॉलरपर्यंत सूट देणारी योजना आरंभिली. सुमारे २ कोटी ३० लाख कुटुंबे तीत सामील झाली. पुढे काँग्रेसने निधी दिला नाही, आणि १ जून २०२४ रोजी योजना संपुष्टात आली. तारा जागच्या जागी राहिल्या. आटली ती ऐपत.

टेनेसी राज्यातील चॅटनूगा शहराने निराळा मार्ग धरला. नगराच्या मालकीच्या वीजसंस्थेने २०१० मध्ये गिगाबिट वेगाची सेवा सुरू केली. तिलाही केंद्राचे ११ कोटी डॉलरांहून अधिक अनुदान लाभले होते. परंतु त्यातून सार्वजनिक मालमत्ता उभी राहिली. तिच्याच आधारे २०२० पासून गरीब विद्यार्थ्यांच्या घरी विनामूल्य जोडणी देता आली. सूट खर्ची पडते, मालमत्ता टिकते, हा अर्थशास्त्राचा साधा धडा होय.

भारतात २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार ४२ टक्के शहरी कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती. संगणक मात्र २३.४ टक्के कुटुंबांकडेच होता. तेव्हा केवळ जोडण्यांची संख्या सांगून भागणार नाही. कोणत्या वस्तीत, कोणत्या उत्पन्नाच्या घरी, कोणत्या साधनावर ही सोय पोचते, याची मोजणी महापालिकांनी प्रथम करावी. पाणी आणि वीज यांना लावलेला न्याय ब्रॉडबँडला नाकारण्याचे कारण उरलेले नाही.