कोंबड्यांना घरघर: आधी औषध की आधी तपासणी?

शेडमध्ये घरघर ऐकू आली की पोल्ट्रीवाला आधी औषधाचं दुकान गाठतो. नमुना प्रयोगशाळेत जातो तो मर वाढल्यावर. तोट्याचं मूळ इथेच आहे.

मानमोडी, आयबी, सीआरडी, कोरायझा, बर्ड फ्लू या सगळ्यांत सुरुवातीची लक्षणं मिळतीजुळती असतात. शिंका, नाकाला पाणी, धाप. यातले सीआरडी आणि कोरायझा जिवाणूंचे, बाकीचे विषाणूंचे. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. तो खर्च पाण्यात.

सगळ्यात स्वस्त ती सीआरडीची प्लेट टेस्ट. रक्तजलाच्या थेंबात रंगीत द्रावण मिसळलं की दोनेक मिनिटांत गुठळ्या दिसतात. पण ती कधी कधी खोटी पॉझिटिव्ह येते, म्हणून एका पक्ष्यावरून निकाल लावू नये.

एचआय आणि एलायझा या तपासण्या रक्तातली प्रतिपिंडं मोजतात. लासोटा दिलेल्या कोंबडीत मानमोडीची प्रतिपिंडं असणारच. त्यामुळे रोग ठरवायला दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं दोन नमुने लागतात, आणि दुसऱ्यात चौपट वाढ दिसावी लागते. ब्रॉयलरची बॅच चाळीसेक दिवसांत विकली जाते, तिथे एवढी वाट पाहणार कोण? लेयरवाल्यांना मात्र लस लागू पडली का, हे यातून कळतं.

चालू साथीत उपयोगी पडते ती पीसीआर. घशातल्या स्वॅबमधून विषाणूच सापडतो, तोही काही तासांत. पण जिवंत लसीचा विषाणूही त्यात दिसू शकतो, म्हणून लसीची तारीख प्रयोगशाळेला सांगावीच. जिवाणूंसाठी कल्चर बरं. कोणतं औषध लागू पडेल तेही कळतं. फक्त नमुना औषध देण्याआधी घ्यायचा आणि बर्फात पाठवायचा.

जानेवारी 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंब्यात कोंबड्या मेल्या. बर्ड फ्लूवर शिक्कामोर्तब भोपाळच्या प्रयोगशाळेनं केलं. त्यानंतर एक किलोमीटर परिघातले पक्षी नष्ट करावे लागले. सरकारी भरपाई नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे रोग लपवून ठेवणाऱ्याचंच नुकसान जास्त. शिवाय 2009 च्या कायद्यानुसार अधिसूचित रोगाची खबर देणं मालकावर बंधनकारक आहे.

एकाएकी मर वाढली तर पक्षी स्वतः फाडून पाहू नयेत, विकूही नयेत. आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं. औषध नंतरही देता येतं, बिघडलेला नमुना परत मिळत नाही.