पिस्तूल इंचभर जाडीचे, कायदे पन्नास राज्यांचे

अंगावर, कपड्यांखाली पिस्तूल बाळगून घराबाहेर पडण्याचा परवाना न्यू जर्सीत २०२२ पर्यंत सामान्य नागरिकाला जवळजवळ मिळतच नसे. 'न्याय्य गरज' सिद्ध करण्याची अट होती आणि विशिष्ट धमकीचा पुरावा नसेल तर अर्ज फेटाळला जाई. पुण्या-मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात शस्त्र परवान्याची फाइल फिरताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही पद्धत ओळखीची वाटावी. जीविताला धोका असल्याचे अर्जदाराने पटवायचे आणि ते पटले की नाही हे अधिकाऱ्याने ठरवायचे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २३ जून २०२२ रोजी 'ब्रूएन' खटल्यात न्यू यॉर्कचा असाच, शंभराहून अधिक वर्षे जुना नियम ६ विरुद्ध ३ मतांनी घटनाबाह्य ठरवला. न्यायमूर्ती क्लॅरन्स थॉमस यांनी लिहिलेल्या त्या निकालाने न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, मेरीलँड, मॅसॅच्युसेट्स आणि हवाई येथील तशाच अटीही निष्प्रभ केल्या. हवाई वगळता ही सारी राज्ये मराठी मंडळांच्या नकाशावर ठळक आहेत.

निकालाने राज्यांकडून काढून घेतला तो 'शस्त्र कशासाठी हवे?' असे विचारण्याचा अधिकार. पार्श्वभूमीची तपासणी, वय, प्रशिक्षण या अटी राहिल्या आणि काही राज्यांनी त्या कडकही केल्या. न्यू यॉर्कने १६ तासांचा वर्ग आणि २ तासांचा प्रत्यक्ष गोळीबाराचा सराव सक्तीचा केला. न्यू जर्सीने नात्याबाहेरच्या चार प्रतिष्ठित व्यक्तींची शिफारस मागितली. दुसऱ्या टोकाला २९ राज्यांत आता पात्र प्रौढाला परवान्याचीही गरज उरलेली नाही. टेक्ससने २०२१ मध्ये, जॉर्जियाने २०२२ मध्ये आणि फ्लोरिडाने २०२३ मध्ये ही वाट धरली. म्हणजे एडिसनमधील अभियंता ज्यासाठी महिनोन् महिने कागद जमवतो, तेच फ्रिस्कोमधील त्याचा वर्गमित्र दुकानातून घरी येता येता करू शकतो.

भारतीय समाजात शस्त्रे अजून कमीच आहेत. प्यू संशोधन केंद्राच्या २०२३ च्या पाहणीत ३२ टक्के प्रौढांनी स्वतःकडे बंदूक असल्याचे सांगितले. आशियाई वंशाच्या प्रौढांत हे प्रमाण १० टक्के होते. तरीही प्रश्न पुन्हा पुन्हा उठतो. कॅन्ससमधील ओलेथ येथे फेब्रुवारी २०१७ मध्ये एका भारतीय अभियंत्याची द्वेषातून हत्या झाली तेव्हा तो उठला, आणि मोटेल किंवा गॅस स्टेशनवरील हल्ल्याच्या प्रत्येक बातमीनंतर उठतो. ही भीती खोटी नाही. तिच्यावर उपाय म्हणून लोक ज्या वस्तूकडे वळतात, ती वस्तू मात्र गेल्या काही वर्षांत फार बदलली आहे.

लहान पिस्तुलाच्या आजच्या लाटेला एका बंदीनेही हातभार लावला, हा या बाजारातला गमतीचा भाग. १९९४ च्या संघराज्य कायद्याने दहापेक्षा अधिक गोळ्यांची नवी मॅगझिने सामान्य ग्राहकाला विकण्यास मनाई केली. ती २००४ पर्यंत टिकली. पंधरा गोळ्यांच्या ग्लॉक १९ मध्ये दहाच भरायच्या असतील, तर एवढे मोठे पिस्तूल कंबरेला का लावावे, असा साधा हिशेब ग्राहकाने केला. ग्लॉक २६ सारखी, आखूड पण जाड पिस्तुले त्याच काळात रुजली. पुढची पायरी जाडी कमी करण्याची होती. २०१२ चे स्मिथ अँड वेसन शील्ड आणि २०१५ चे ग्लॉक ४३ सडपातळ झाले, परंतु त्यांत सहा-सातच गोळ्या मावत. २०१८ मध्ये सिग सॉअरने पी३६५ आणले आणि समीकरण मोडले. जाडी सुमारे एक इंच, नळी तीन इंचांच्या किंचित वर, रिकाम्या मॅगझिनसह वजन सुमारे ५०० ग्रॅम आणि तरीही मॅगझिनमध्ये दहा गोळ्या. पाठोपाठ २०१९ मध्ये ग्लॉक ४३एक्स आणि अकरा गोळ्यांचे स्प्रिंगफील्ड हेलकॅट आले. २०२१ मध्ये शील्ड प्लसने दहा किंवा तेरा गोळ्यांचा पर्याय दिला.

खरेदीदार या चौघांचे मिलिमीटर आणि ग्रॅम जुळवत बसतात. त्यातून फार काही निष्पन्न होत नाही, कारण हे चौघे एकमेकांचे सख्खे भाऊ शोभावेत इतके सारखे आहेत. फरक जाणवतो तो हातात. ४३एक्सची मूठ लांब असल्याने करंगळीला जागा मिळते आणि नेम सावरतो. पण नळीपेक्षा मूठच सदऱ्याखालून अधिक उठून दिसते, हेही खरे. पी३६५ आणि हेलकॅट अधिक सहज लपतात आणि त्याची किंमत प्रत्येक गोळीमागे वसूल करतात. वजन कमी, मूठ आखूड, तेव्हा झटका मोठा आणि दुसरा नेम उशिरा. सुमारे पावणेतीनशे ग्रॅमचे, पॉइंट ३८० काडतुसाचे रुगर एलसीपी तर पँटच्या खिशात मावते. पण त्याने सराव करणे इतके क्लेशदायक की बहुतेक मालक तो टाळतात. सराव न केलेले पिस्तूल ऐनवेळी आपल्याइतकेच शेजाऱ्यालाही धोक्याचे असते. ज्यांना वरचा सरकता भाग मागे खेचायला जड जातो, त्यांच्यासाठी स्मिथ अँड वेसनने शील्ड ईझी ही हलक्या स्प्रिंगची मालिका काढली. संधिवात असलेल्या ज्येष्ठांना आणि पकड कमी असलेल्यांना दुकानात सहसा याच मालिकेचे नाव सुचवले जाते. एकूण पाहता, प्रथमच घेणाऱ्याने सर्वांत लहान पिस्तूल घेणे ही बहुधा चूक ठरते. ग्लॉक १९ च्या आकाराचे पिस्तूल लपवायला कठीण, पण शिकायला सोपे आहे.

या पिस्तुलांपैकी अनेकांना बाहेरून लावायचा सुरक्षेचा खटका नसतो. चापावर बोट नाही तोवर गोळी सुटणार नाही, ही त्यामागची धारणा. म्हणूनच चाप पूर्ण झाकणारे, टणक होल्स्टर हा पिस्तुलाचाच अर्धा भाग समजला पाहिजे. हजार डॉलरच्या पिस्तुलाला वीस डॉलरचे कापडी होल्स्टर लावणारे ग्राहक पाहिले की विक्रेत्यांनाही कापरे भरत असावे.

तांत्रिक तुलना येथवर. राज्याची सीमा आली की तिचे उत्तर बदलते. न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कॅलिफोर्निया आणि मॅसॅच्युसेट्स येथे मॅगझिनची मर्यादा दहा गोळ्यांची आहे. तेथे हेलकॅटचा अकरावा दाणा किंवा शील्ड प्लसचे तेराचे मॅगझिन हा गुण नसून गुन्हा आहे. बंदिस्त जागेत गोळी आरपार जाऊन तिसऱ्याला लागू नये म्हणून प्रशिक्षक पोकळ टोकाच्या गोळीची शिफारस करतात, तर न्यू जर्सीत तीच गोळी भरून घराबाहेर फिरणे सामान्य परवानाधारकाला निषिद्ध आहे. शेजारच्या राज्याचा परवाना न्यू जर्सी, न्यू यॉर्क आणि कॅलिफोर्निया मुळीच मानत नाहीत.

याचा अर्थ काय होतो हे २०१३ मध्ये दिसले. फिलाडेल्फियातील एक तरुण आई, पेन्सिल्व्हेनियाचा वैध परवाना आणि पर्समध्ये पिस्तूल घेऊन, न्यू जर्सीत गाडी चालवत होती. पोलिसाने गाडी थांबवल्यावर तिने स्वतःहून पिस्तुलाची माहिती दिली. तिला अटक झाली, काही आठवडे तुरुंगात काढावे लागले आणि किमान साडेतीन वर्षांच्या सक्तीच्या शिक्षेची टांगती तलवार राहिली. अखेर २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी तिला माफी दिली. ती अमेरिकन नागरिक होती. ग्रीन कार्डधारकाची गोष्ट येथे संपली नसती. स्थलांतर कायद्यानुसार शस्त्र बेकायदा विकत घेणे, जवळ ठेवणे किंवा बाळगणे याबद्दल दोषी ठरलेला परदेशी नागरिक हद्दपारीस पात्र ठरतो, मग तो येथे वीस वर्षे कर भरत असो. काही गुन्ह्यांत गव्हर्नरची पूर्ण माफी हद्दपारीपासून वाचवते. शस्त्रांच्या गुन्ह्याला ती सवलत कायद्याने दिलेली नाही. डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडायला दोन-तीन मिनिटे लागतात.

सर्व राज्यांनी एकमेकांचे परवाने मानावेत, असे विधेयक प्रतिनिधिगृहाने डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर केले होते. सिनेटमध्ये ते अडले. २०२५ मध्ये ते पुन्हा मांडले गेले. ते कायद्यात उतरेल या आशेवर कोणी आज गाडी हाकू नये. तूर्त संघराज्य कायदा देतो ते एवढेच संरक्षण: निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या दोन्ही ठिकाणी शस्त्र कायदेशीर असेल, ते रिकामे आणि डिकीत बंद असेल, तर मधल्या राज्यातून प्रवास करता येतो.

एच-१बी, एल-१, एफ-१ किंवा एच-४ व्हिसावर असलेल्यांचा प्रश्न तर त्याआधीचाच आहे. अशा तात्पुरत्या व्हिसाधारकाने बंदूक किंवा काडतूस जवळ ठेवणे हाच संघराज्य कायद्याखाली गुन्हा आहे आणि २०२२ पासून त्याची कमाल शिक्षा १५ वर्षे आहे. टेक्ससमध्ये परवाना लागत नाही, म्हणून तेथे ही बंदी नाही, हा समज निखालस चुकीचा. 'ताबा' या शब्दात शूटिंग रेंजवर तासाभरासाठी भाड्याने घेतलेले पिस्तूलही येते. मुख्य अपवाद राज्याच्या वैध शिकार परवान्याचा. रेंजवर जाणारे कित्येक जण त्याच आधारावर जातात, तर कित्येकांना हा नियमच ठाऊक नसतो. आय-१४० मंजूर होऊन दशकभर ग्रीन कार्डच्या रांगेत असलेला, स्वतःचे घर असलेला मनुष्यही या कलमापुरता तात्पुरताच राहतो.

गुंता एकाच छपराखाली वाढतो. पती ग्रीन कार्डधारक आणि पत्नी अजून एच-१बीवर, किंवा सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील, हे दृश्य घरोघरचे. शस्त्र हातात नसले, तरी त्यावर नियंत्रण ठेवण्याची शक्ती आणि इच्छा असेल तर कायदा त्यालाही ताबाच मानतो. तेव्हा तिजोरीचा आकडा कोणाकोणाला माहीत आहे, हा प्रश्न वकिलाकडे जाऊन सोडवण्याच्या योग्यतेचा आहे. पिस्तूल कोणते हा त्यानंतरचा.

घरातला धोका कायद्यापुरता मर्यादित नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४६,७२८ माणसे मेली. त्यांपैकी ५८ टक्के मृत्यू आत्महत्येचे होते. कॅलिफोर्नियातील सुमारे २ कोटी ६० लाख प्रौढांच्या नोंदी तपासणारा स्टॅनफर्डच्या संशोधकांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पिस्तूल नसलेल्यांच्या तुलनेत पिस्तूल असलेल्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्या होण्याचे प्रमाण सुमारे आठपट आणि स्त्रियांत सुमारे पस्तीसपट आढळले. ज्या समाजात गुण, नोकरकपात आणि व्हिसा यांचे ओझे घरात मुकाट्याने वाहिले जाते आणि नैराश्य हा शब्द पाहुण्यांसमोर उच्चारला जात नाही, त्याने हे आकडे दरोडेखोराच्या भीतीइतक्याच गांभीर्याने घ्यायला हवेत. मिशिगनमध्ये एका पंधरा वर्षांच्या मुलाने २०२१ मध्ये घरच्या ९ मिलिमीटर पिस्तुलाने शाळेत चार विद्यार्थ्यांना ठार केले. ज्युरीने त्याच्या आई आणि वडिलांना २०२४ मध्ये सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवले आणि दोघांनाही दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली.

रोज अंगावर बाळगण्यासाठी घेतलेले पिस्तूल प्रत्यक्षात दिवसाचा मोठा भाग अंगावर नसते, हेही लक्षात घ्यावे. कंपनीच्या इमारतीत बहुधा मनाई, शाळेत मनाई, न्यू यॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये आणि सबवेत मनाई. मग ते गाडीत राहते आणि गाडी फोडणाऱ्यांना याची पूर्ण कल्पना असते. किंवा ते पिशवीत विसरले जाते. विमानतळांच्या तपासणीत २०२४ मध्ये ६,६७८ बंदुका सापडल्या आणि त्यांतल्या सुमारे ९४ टक्के भरलेल्या होत्या.

भारतात जाताना तर पिस्तुलाचीही गरज नसते. रेंजवर नेलेल्या पाठपिशवीच्या अस्तरात अडकलेले एक काडतूस न्यूअर्कला कोणाच्या नजरेस पडले नाही, तरी परतीच्या वेळी मुंबईच्या तपासणीत क्ष-किरणांखाली दिसते. ९ मिलिमीटर हा बोअर भारतात सामान्य नागरिकाला मुळातच वर्ज्य आहे आणि शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हा नोंदवायला ते एक काडतूस पुरते. जाणीवपूर्वक ताबा नव्हता, या कारणावरून असे गुन्हे उच्च न्यायालयांनी अनेकदा रद्द केले आहेत. पण त्यासाठी वकील, जामीन आणि तारखा लागतात, आणि ऑफिसची रजा तोवर संपलेली असते.