नोटीस किती दिवसांची?

रे रोडच्या गोदामपट्ट्यात भाडेकरार हा नेहमीचा विषय, आणि जागा सोडण्याच्या इंग्रजी नोटिशीत हाल होतात ते अपॉस्ट्रॉफीचे. ‘फिफ्टीन डेज नोटीस’ लिहिताना ती खूण कुणी गाळतो, कुणी ‘डे’ आणि ‘एस’च्या मध्ये खुपसतो. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 106 मध्ये मात्र ती योग्य जागी, ‘एस’च्या नंतर आहे. मराठी माणसाला हे जड जाऊ नये. ‘एका दिवसाची’ आणि ‘पंधरा दिवसांची’ यांतला अनुस्वार जे काम करतो, तेच ही खूण जागा बदलून करते: एकवचनात ‘एस’च्या आधी, अनेकवचनात नंतर. ‘पंधरा दिवस थांबा’ म्हणताना चा-ची-चे नाही, तिथे खूणही नको. (‘दहा वर्षांचा मुलगा’ हा ठोकताळा मोडतो खरा, इंग्रजी तिथे जोडरेघांवर भागवते आणि ‘इयर’ एकवचनीच ठेवते.)

आकडा समोर असताना एवढ्याशा खुणेने काय बिघडते, असे कुणी विचारेल. आकडा असेल तर फारसे नाही, हे मान्यच. पण थकबाकीच्या पत्रात तो नेहमी असतोच असे नाही. ‘मागील महिन्याचे भाडे’ आणि ‘मागील महिन्यांचे भाडे’ इंग्रजीत सारखेच ऐकू येतात. भाडेकरूने एकाच महिन्याचे पैसे मोजायचे की अनेक महिन्यांचे, हे तिथे खुणेच्या जागेवरूनच कळते.