पुढारी यावेत, पण छत्र-चामर बाहेर ठेवून



युवक मेळाव्याची पत्रिका छापायला टाकायची वेळ आली की आपल्याकडे पहिला प्रश्न विषयाचा नसतो, जेवणाचाही नसतो. पहिला प्रश्न असतो, "साहेब कोणते बोलवायचे?" मग आमदार की मंत्री, दोघं वेगळ्या पक्षांचे असले तर नावं कोणत्या क्रमाने, कोणाचा फोटो केवढा, यावर दोन मीटिंगा जातात. मुलांना शिकवायला कोण येणार हे तिसऱ्या मीटिंगमध्ये, लोक उठायला लागल्यावर ठरतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. पुढाऱ्यांनी तरुणांच्या मेळाव्यांना जरूर यावं. पण आज ते ज्या थाटात येतात आणि आपण ज्या थाटात त्यांना आणतो, त्यापेक्षा न आलेले बरे.

राजकारण म्हणजे चिखल, आपल्या मुलांना त्याची सावलीही नको, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. अठराव्या वर्षी मुलगा मत देणार, दुकानाचा जीएसटी भरणार, बँकेच्या दारात उभा राहणार. कायदे करणारा माणूस त्याने जवळून पाहिलेला बरा. आमच्या विंचूरपासून येवला जवळच आहे. १३ ऑक्टोबर १९३५ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथल्या परिषदेत आले आणि त्यांच्या एका घोषणेने हजारो घरांची वाट बदलली. नेता काही सांगायला आला तर असंही होऊ शकतं. फीत कापायला आला तर फीतच कापली जाते.

नाशिकचंच बघा. १२ जानेवारी २०२४ला तपोवनाच्या मैदानावर सत्ताविसाव्या राष्ट्रीय युवा महोत्सवाचं उद्घाटन झालं. स्वामी विवेकानंदांची जयंती आणि जिजाऊंचीही. देशभरातून मुलं आली होती. पंतप्रधान आले, रोड शो झाला, रामकुंडावर आणि काळाराम मंदिरात गेले, मग मैदानावर भाषण. त्या भाषणातली एक गोष्ट मला मनापासून आवडली. मुलांना त्यांनी व्यसनापासून लांब राहायला सांगितलं, आणि आई-बहिणीवरून शिव्या देण्याच्या सवयीविरुद्ध उभं राहायला सांगितलं. आपण घरात घसा कोरडा करून जे सांगतो ते एवढ्या मोठ्या व्यासपीठावरून सांगितलं गेलं. ते मोलाचं आहे आणि मी ते मोजून जमेच्या बाजूला लिहिते.

आता नावेची बाजू. त्याच दिवसांत आमच्या निफाड तालुक्यात घरोघर एकच विषय होता. ८ डिसेंबर २०२३पासून कांद्याची निर्यात बंद. आपल्यातल्या कित्येक घरांत कांदा ताटात नसतो, पण गल्ल्यात असतो. लासलगाव आणि विंचूरच्या बाजार आवारात ज्यांची आडत आहे, ज्यांची कांद्याची वखार आहे, त्यांना मी काय सांगायचं! आणि ज्याच्या शेतातून तो माल येतो त्या शेतकऱ्याचा पंचवीस वर्षांचा मुलगा तर सगळ्यात आधी भरडला गेला. तरुणांचा एवढा मोठा उत्सव आपल्याच जिल्ह्यात, आणि जिल्ह्यातल्या तरुणाचा सगळ्यात मोठा प्रश्न विचारायला त्या उद्घाटनात जागाच नव्हती. उद्घाटनाला प्रश्न नसतातच, असं कोणी म्हणेल. तेच तर माझं म्हणणं आहे.

पुढे १५ मे २०२४ला पिंपळगाव बसवंतच्या सभेत एक तरुण उभा राहून ओरडला, कांद्यावर बोला. ती निवडणुकीची सभा होती, युवक मेळावा नव्हता, हे मला कळतं. त्याचा आवाज घोषणांमध्ये बुडाला. त्याने ओरडायला नको होतं असं माझ्या शेजारणीचं मत. मी तिला विचारलं, विचारायची दुसरी जागा त्याला कोणी दिली होती?

आणि हे कोण्या एका पक्षाचं नाही. ज्यांचं राज्य असेल ते येतात, ज्यांचं नसेल ते आम्हालाही बोलवा म्हणतात, आणि हार दोघांनाही सारख्याच मापाचा लागतो.

बदल होऊ शकतो, हे त्याच महोत्सवाने पुढच्या वर्षी दाखवलं. २०२५ला त्याचं रूपच पालटलं. ११ आणि १२ जानेवारीला दिल्लीच्या भारत मंडपममध्ये 'विकसित भारत यंग लीडर्स डायलॉग' झाला. सुमारे तीस लाख मुलांनी आधी प्रश्नमंजुषा दिली, पुढच्या फेऱ्यांतून तीन हजार निवडली गेली. दहा विषयांवर मुलांनी सादरीकरण केलं, पंतप्रधानांनी ते बसून ऐकलं, मुलांबरोबर जेवले. तिथेही भाषण झालं, फोटोही निघाले असतील. पण आधी मुलं बोलली. देशाच्या पंतप्रधानांना मुलांचं ऐकायला वेळ काढता येतो, तर आपल्या मेळाव्यात दीपप्रज्वलन करून वीस मिनिटांत "पुढचा कार्यक्रम आहे" म्हणून उठणाऱ्या साहेबांना का येऊ नये?

आता आपल्या घरातल्या गोष्टीकडे येते. स्थानकात किंवा मंदिरात जाताना पाच अभिगम पाळायचे, हे आपल्याला लहानपणी शिकवलेलं असतं. सचित्त वस्तू बाहेर ठेवायच्या, अचित्ताचा विवेक राखायचा, उत्तरासंग करायचं, दर्शन होताच हात जोडायचे, मन एकाग्र करायचं. राजासाठी त्यात आणखी एक गोष्ट आहे. उववाई सूत्रात चंपानगरीचा राजा कोणिक भगवान महावीरांच्या दर्शनाला निघतो त्याचं वर्णन आहे. लवाजमा केवढा, हत्ती केवढे! पण समवसरण दिसताच तो हत्तीवरून उतरतो आणि पाच राजचिन्हं काढून ठेवतो: खड्ग, छत्र, मुकुट, पादत्राणं आणि चामर. मग आत जातो, वंदन करतो, आणि ऐकायला बसतो.

हा कोणिक काही फार सज्जन राजा नव्हता बरं का. स्वतःच्या वडिलांना, श्रेणिक राजाला, त्यानेच कैदेत टाकलं होतं. तरी भगवंतांच्या सभेत यायला त्याला मनाई नव्हती. कोण चांगला, कोण वाईट, कोणाच्या मागे किती चौकश्या, हे दारावर तपासलं गेलं नाही. अट एवढीच, की राजेपण बाहेर. मला ही अट फार शहाणपणाची वाटते. "अमुक नेता भ्रष्ट आहे, त्याला बोलावू नका" या वादात आपण पडलो की मेळावा तिथेच मोडतो, कारण प्रत्येक घराचा नेता वेगळा. त्यापेक्षा सगळ्यांना या म्हणा आणि सगळ्यांना एकच अट घाला.

युवक मेळावा म्हणजे समवसरण नव्हे, असं संघातले एक काका मला म्हणाले. खरं आहे. पण तो दरबारही नव्हे ना, काका?

मागे नाताळच्या सुट्टीत आपल्या समाजाच्या एका शिबिराला मी स्वयंपाकघराच्या मदतीला गेले होते. चारशेच्या आसपास मुलं. समारोपाला एक मोठे साहेब चारला येणार होते, ते साडेपाचला आले. थंडीतला दिवस, सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. बऱ्याच मुलांचा चौविहार होता. आम्ही आतून दोन निरोप पाठवले की मुलांना जेवायला सोडा. उत्तर आलं, "खुर्च्या रिकाम्या दिसतील." मंचावर सत्कार चालू, एकेक नाव, एकेक शाल, आणि बाहेर अंधार पडला. चौविहारवाली मुलं न जेवता झोपली. त्यातली एक नऊ वर्षांची होती. साहेबांच्या भाषणाचा विषय होता, जैन धर्म आणि संस्कार.

मी बी.कॉम. आहे, त्यामुळे हिशेब केल्याशिवाय मला राहवत नाही. चारशे मुलं गुणिले दीड तास म्हणजे सहाशे तास. एका मुलाने रोज एक सामायिक, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं धरली, तर साडेसातशे सामायिकं झाली असती. एवढा वेळ एका माणसाच्या उशिरात गेला आणि तो खर्च कोणत्याच वहीत नोंदला गेला नाही. जो नोंदला गेला तोही बघण्यासारखा असतो. आपापल्या मंडळाचा जमाखर्च काढून बघा. शाल, श्रीफळ, फेटे, मोमेंटो, फ्लेक्स, हे सगळं 'इतर खर्च' या एका ओळीत दडपलेलं असतं, आणि ती ओळ पुस्तकांच्या ओळीपेक्षा लहान क्वचितच सापडेल.

आणि मुली! साहेबांच्या गाडीच्या दाराशी औक्षणाचं ताट घेऊन कोण उभं असतं? सीएची परीक्षा देणारी, इंजिनिअरिंग करणारी आपली मुलगी. नऊवारी नेसून तासभर उन्हात. मंचावर तिला माईक मिळतो तो स्वागतगीतापुरता. भगवती सूत्रात कौशांबीच्या जयंती श्राविकेची गोष्ट आहे. भरल्या सभेत तिने भगवंतांना एकामागून एक प्रश्न विचारले. माणूस झोपलेला बरा की जागा, असाही एक होता. उत्तर मिळालं की अधर्मी झोपलेला बरा, धर्मी जागा बरा. अडीच हजार वर्षांपूर्वी एक बाई प्रत्यक्ष तीर्थंकरांना प्रश्न विचारू शकली आणि आज आपली पोर पालकमंत्र्यांना विचारू शकत नाही, याचं मला नवल वाटतं. सूत्रातली जयंती आपण प्रवचनात कौतुकाने ऐकतो आणि घरातल्या जयंतीच्या हातात ताट देतो.

"पण ताई, नेत्यांना मान दिला नाही तर समाजाची कामं कशी होणार?" हा प्रश्न हमखास येतो. मग झालेली कामं कशी झाली ते बघू. अल्पसंख्याक दर्जाची मागणी किती वर्षं चालली! बाळ पाटील ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत घेऊन गेले, २००५ला तिथे अपयश आलं, तरी पाठपुरावा सुटला नाही आणि जानेवारी २०१४मध्ये दर्जा मिळाला. ते काम अर्जांनी, वकिलांनी, शिष्टमंडळांनी केलं. सम्मेद शिखरजीच्या वेळी गावोगाव दुकानं बंद ठेवून मूक मोर्चे निघाले, आपण बायकाही निघालो, आणि ५ जानेवारी २०२३ला केंद्राने तिथल्या पर्यटनाच्या तरतुदींना स्थगिती दिली. राजकारणी लोकांशी बोलावं लागलंच. बोलायलाच हवं. पण निवेदन घेऊन त्यांच्या कार्यालयात जाणं वेगळं आणि आपल्या मुलांना त्यांची गर्दी म्हणून बसवणं वेगळं. निवडणूक प्रचारात लहान मुलांना वापरू नका, असं निवडणूक आयोगाने ५ फेब्रुवारी २०२४ला पक्षांना बजावलं आहे. निवडणूक नसताना तेच काम आपणच हौसेने करून द्यायचं का?

तर येत्या मेळाव्यासाठी मी मंडळात लेखी सूचना देणार आहे. निमंत्रण सगळ्या पक्षांना जावं. पत्रिकेवर फोटो कोणाचाच नको. वेळेवर सुरू करायचं, कोणी आलं असो वा नसो. पाहुण्यांची खुर्ची मुलांच्या रांगेत, सत्कार नाही, औक्षण नाही. भाषण दहा मिनिटं आणि मुलांचे प्रश्न अर्धा तास. प्रश्नाच्या चिठ्ठ्या आदल्या दिवशी गोळा करायच्या, पण गाळायच्या नाहीत. कांद्याचा आला तर कांद्याचा. सूर्यास्ताआधी पाऊण तास कार्यक्रम बंद, मग माईकवर कोणीही असो.

असं केलं तर कोणीच येणार नाही, असं अध्यक्षांना वाटतं. मला वाटतं एखादा येईल, आणि तोच ऐकण्यासारखा असेल. कोणी नाहीच आलं तर त्या चाळीस मिनिटांत मुलांचा खो-खो घेता येईल. स्वयंपाकघरातल्या आम्ही सगळ्याजणी या सूचनेवर सही करणार आहोत. तुमच्या गावच्या मंडळात मांडायची असेल तर मसुदा मागून घ्या, नावं तेवढी बदला.